जंगलात जाण्याआधी बूट धुवा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र मी राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाच्या कडेला सापडतो. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषेचं, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याचं, गवत कापायला, पावसाळ्यात रानमोडी हे बाहेरून आलेलं तण उपटायला आणि उन्हाळ्यात वणव्याचा फोन आला तर वनखात्याच्या माणसांच्या मागं पाण्याचे कॅन वाहायला. वीसेक वर्षं हे चाललंय. त्यात जे हाताला लागलं ते लिहून ठेवतो, कारण दर वर्षी नवी पोरं विचारतात, "काका, आम्ही नेमकं काय करायचं?"

दुकानात गिअरबॉक्स येतो तेव्हा मालक म्हणतो, "चालतोय हो, नुसता आवाज करतोय." उघडून बघावं तर एखाद्या गिअरचा दात तुटलेला असतो आणि तो तुकडा बाकीच्या दातांत फिरून त्यांनाही खात असतो. जंगलाचंही असंच होतं. लांबून सगळं हिरवंगार दिसतं, पण गवताच्या जागी रानमोडी आलेली असते. गव्याला चारा मिळत नाही, तो खाली उसात उतरतो. शेतकरी रात्रभर राखण करतो, पुढच्या वर्षी वैतागून कडेचं रान पेटवतो, आणि जळलेल्या जागेवर पुन्हा रानमोडीच पहिली उगवते. जंगल राखायचं म्हणजे ही साखळी जिथं आपल्या हाताला लागते तिथं तोडायची. ती बहुतेक वेळा गेटच्या बाहेरच हाताला लागते.

कायदा आधी थोडक्यात. दाजीपूर गव्यांसाठी १९५८ साली अभयारण्य झालं. आजचं राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. वारणेच्या खोऱ्यातलं चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० साली कोयनेसोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. अभयारण्यात काही जुने हक्क परवानगीनं चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराईसुद्धा चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं दोन्हीकडं विनापरवाना शिरणं, आग लावणं, हत्यार नेणं आणि विष किंवा स्फोटकं वापरणं हे सगळं गुन्हा ठरवलंय. म्हणून खाली जे लिहितोय त्यातलं काहीही हद्दीच्या आत स्वतःच्या मनानं करायचं नाही. तण उपटायचं असलं तरी वनक्षेत्रपालांना आधी विचारायचं.

आदल्या रात्री

जुना दात घासायचा ब्रश घ्या आणि बूट वर्तमानपत्रावर धरून तळव्याच्या खाचा कोरड्याच घासून काढा. मोजे उलटे करा. पँटची दुमड, बॅगेचा तळ, चिकटपट्टीचे बंद, कॅमेऱ्याच्या पिशवीची शिवण, सगळं झटका. कुसळं आणि बी कुठं लपतं ते एकदा बघितलं की कळतं. मग बूट साबणानं धुवून कडकडीत वाळवा. कागदावर पडलेलं बी बागेत झटकू नका, पुडी बांधून कचऱ्यात टाका.

गाडीचं त्याहून जास्त. मडगार्डच्या आतला चिखल, चेनकव्हर, फूटरेस्टखालचा भाग, मोटार असेल तर रेडिएटरची जाळी आणि चाकांच्या कमानी कोल्हापुरातच पाण्याच्या जोरानं धुऊन निघायचं. तिकडं ओढ्यावर जाऊन नाही. एकदा मी माझ्याच मोटारसायकलच्या मडगार्डमधली माती खरवडून कुंडीत टाकली आणि पाणी घालत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात कुंडीभर गाजर गवत. ही कुंडी आठ महिने दुकानाच्या दारात ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. फुलाची चाहूल लागली की रोप उपटायचो आणि खालून नवीन यायचं.

हे गवत भारतात १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं. तिथनं ते कुठं कुठं पोचलं ते तुम्ही बांधावर बघताच. रानमोडी आणि घाणेरीही मूळच्या अमेरिका खंडातल्या. रानमोडीच्या बियांना बारीक केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर जातात आणि कपड्यालाही चिकटतात. उन्हाळ्यात तिच्या काड्या वाळून सरपणासारख्या उभ्या राहतात, आग लागली की ज्वाला माणसाच्या डोक्यावर जाते, आणि खालचा बुंधा मात्र जिवंत राहून पुन्हा फुटतो.

आपल्या शेताच्या बांधावर, गावच्या गायरानात, रस्त्याकडेला हे काम कुणाच्या परवानगीशिवाय करता येतं आणि तेच सगळ्यात उपयोगाचं आहे. रानमोडी जुलै-ऑगस्टमध्ये, माती भिजलेली असताना, मुळासकट उपटायची. झाडं रस्त्यावर पसरून टाकायची नाहीत; मुळं वर करून दगडावर ठेवायची, म्हणजे परत धरत नाहीत. फुलं आल्यावर उपटायला गेलात तर झटक्यासरशी बी तुम्हीच पसरवाल. घाणेरी नुसती छाटली तर जोरानं फुटते. कुदळीनं तिचा बुंधा मातीखाली दोन-तीन बोटं खोल जाऊन मूळच तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. तिची फळं बुलबुल खातात, म्हणून त्या जागेजवळ पक्षी जिथं बसतात त्या झाडांखाली पुढची दोन वर्षं नवी रोपं शोधत राहायचं. गाजर गवताला हातमोजे आणि तोंडाला कापड लागतंच, अंगावर पुरळ उठतं आणि दमेकऱ्याला त्रास होतो. कुठंही उपटलेल्या जागेवर पुढच्या वर्षी परत जायचं. एकदा उपटून फोटो काढणारे पुष्कळ भेटले, तिसऱ्या वर्षी येणारे थोडे.

वणवा

फेब्रुवारीपासून पहिल्या वळवापर्यंत माझी झोप हलकी असते.

आपल्याकडच्या डोंगरात आग आपोआप लागत नाही, माणूस लावतो. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं ही समजूत जुनी आहे. राखेवर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं, पण दर वर्षी जाळत गेलं की उतारावरची उघडी माती पहिल्या पावसात ओढ्यात जाते आणि जनावरं ज्या गवतावर जगतात ते विरळ होऊन कुसळी गवत आणि रानमोडी उरते. मध काढणाऱ्याची मशाल, विडीचं थोटूक, भाताच्या रोपांसाठी राब भाजताना सुटलेली ठिणगी आणि आपल्या जिल्ह्यात उसाचं पाचट, ही बाकीची कारणं. मार्च ते मे हा टिटवी, रातवा आणि चित्तूर यांचा जमिनीवर अंडी घालायचा काळ असतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिचं पडलेलं बी जळलं तर पुढचा फुलोरा बघायला पोरं मोठी झालेली असतात.

शेतकऱ्यानं करायचं ते सोपं आहे, पण लक्ष देऊन करावं लागतं. पाचट पेटवायचंच नाही, सरीत दाबायचं. ओल टिकते आणि मातीला खत मिळतं. राब भाजायचा असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, भोवती चार हात जमीन खरवडून, पाण्याची घागर जवळ ठेवून. राख हाताला गार लागेपर्यंत तिथनं हलायचं नाही. दुपारी डोंगरउतारावर वारा चढाला लागतो. त्या वेळी लावलेली आग कुणाच्या बापाला आवरत नाही.

फिरायला जाणाऱ्यानं काडेपेटी गाडीतच ठेवायची. चूल मांडून चहा, शेकोटी, सिगारेट, सगळं बंद. डबा घरनं न्यायचा. आपल्या लोकांना डोंगरात जाऊन मटण शिजवायची फार हौस आहे. मीही पंधरा-वीस वर्षांचा असताना दगडांची चूल मांडून रस्सा केलाय, आणि निघताना पाण्याची अर्धी बाटली ओतून आग विझली असं समजलोय. त्या चुलीखालची मुळं आतल्या आत किती वेळ धुमसत राहतात हे पुढं वनरक्षकानं काठीनं उकरून दाखवलं तेव्हा मला कळलं. तेव्हापासून चूल नाही.

धूर दिसला तर आधी स्वतः धावत सुटायचं नाही. १९२६ हा वनखात्याचा क्रमांक फिरवा आणि तीन गोष्टी सांगा: कुठल्या गावाच्या वर, आग कुठल्या दिशेनं सरकतेय आणि तिथपर्यंत गाडी जाते का. मोबाइलवरून ठिकाण पाठवता आलं तर उत्तम. रेंज नसेल तर जवळच्या वाडीत जाऊन सांगा. विझवायला वनखात्याच्या माणसाशिवाय उतरायचं नाही. उतरलात तर सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे बूट. नायलॉन अंगाला वितळून चिकटतं. आगीच्या वरच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही, कारण चढावर ती माणसाच्या पळण्याहून वेगानं येते. जळून काळी झालेली जागा हीच सुरक्षित जागा, पाठ तिकडं ठेवा.

ओल्या फांद्यांनी झोडपायची पद्धत चालते, पण फांदी तोडावी लागते आणि अर्ध्या तासात तिचा झाडू होतो. म्हणून मी दुकानात झोडपणी बनवतो: जुन्या कन्व्हेअर बेल्टचा दीड फूट लांब, फूटभर रुंद तुकडा, दोन पट्ट्यांत बोल्ट मारून साडेपाच फुटी काठीला बसवलेला. ती आपटायची नसते. आपटली की ठिणग्या पुढं उडतात. ज्वालेवर टेकवून दाबायची आणि जळलेल्या बाजूला ओढायची.

पण खरा वणवा विझतो तो जानेवारीत, जाळरेषा काढताना. गवत पिवळं पडायच्या सुमाराला ठरलेल्या पट्ट्यातलं गवत मुळाजवळ कापून, पालापाचोळा दाताळ्यानं ओढून बाजूला करायचा. किती रुंद आणि कुठून ते वनखातं ठरवतं. कापलेलं गवत गावाला वैरणीला दिलं की गाव तुमच्या बाजूनं उभं राहतं.

सडा म्हणजे पडीक माळ नव्हे

राधानगरीतला सावराई सडा, चांदोलीतला झोळंबीचा सडा, असे जांभ्याचे सपाट कातळ बघून शहरातल्या माणसाला वाटतं, इथं काहीच नाही. गाडी घाला, क्रिकेट खेळा. कातळावर माती असते बोटभर, कुठं तेवढीही नाही. तेवढ्यात पावसाळ्यात गेंद, तेरडा, सीतेची आसवं, दवबिंदू उगवतात. शेवटची दोन किडे खाऊन जगतात, कारण त्या मातीत नत्र फार कमी असतं. सुट्या दगडाखाली बेडूक, विंचू, पाली आणि गांडुळासारखे दिसणारे पण बेडकांसारखेच उभयचर असलेले देवगांडूळ राहतात. तुम्ही रचलेला दगडांचा छोटा मनोरा म्हणजे कुणाची तरी मोडलेली घरं. दगड आहे तिथंच राहू द्या.

पायवाटेवरूनच, एकामागोमाग चाला. डबक्यात पाय धुऊ नका, साबण तर नकोच. त्या चार महिन्यांच्या पाण्यात बेडकांची पिल्लं मोठी होत असतात. गाडी सड्याच्या खालीच लावा. तरुणपणी आम्ही पाच जण मोटारसायकली घेऊन एका सड्यावर फिरलो होतो. पुढं कित्येक वर्षं मी त्या चाकोऱ्या बघत आलो. त्यांत पाणी साचायचं, बाकी ठिकाणी फुलं यायची, चाकोरीत यायची नाहीत. एक दिवसाचा खेळ होता तो.

आणि इथं एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. सड्यावर झाडं लावू नका. वृक्षारोपणाच्या नावाखाली कुदळीनं कातळ फोडून गुलमोहर, सुबाभूळ, गिरीपुष्प लावणारी मंडळं मी बघितली आहेत. माणसं मनानं चांगली, काम चुकीचं. उघडं राहणं हीच सड्याची प्रकृती आहे. बीजगोळेही जंगलात फेकू नका. जांभूळ, अंजनी, हिरड्याचं बी टाकायला तिथं धनेश, उदमांजर आणि शेकरू आहेत. झाडं लावायची हौस असेल तर कोल्हापूर शहरात जागा भरपूर आहे, आणि तिथं पाणी घालायला रोज जाताही येतं.

चांदोलीत पडक्या घरांची जोती दिसतात. माझ्या दुकानात बारा वर्षं काम केलेल्या एका फिटरचं घर अशाच एका गावात होतं. धरण आणि उद्यानासाठी उठलेल्या माणसांपैकी तो एक. त्याच्या शेतांवर आता गवत आहे, त्यावर गवे आणि सांबरं चरतात. मी त्याला एकदा विचारलं, वाईट वाटतं का. तो म्हणाला, "जनावरं राहतात म्हणून बरं वाटतं. पण माझ्या उंबऱ्यावर कुणी बाटल्या फोडल्या तर मला सहन व्हायचं नाही." तेव्हापासून कुठल्याही जोत्यावर मी डबा सोडत नाही.

रस्ता, कुत्रं, बाजार

कोल्हापूर ते दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. पुढं हाच रस्ता फोंडा घाटातून कोकणात उतरतो. राधानगरी सोडल्यावर वेग चाळीसच्या आत आणि पहिल्या पावसाच्या रात्री त्याहून कमी. त्या रात्री बेडूक, खेकडे, साप सगळेच रस्त्यावर असतात. शक्यतो त्या रात्री जाऊच नका. एक गवा रस्ता ओलांडताना दिसला तर कळप मागं आहे असं धरा. इंजिन बंद करा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, उतरू नका. हजार किलोच्या जनावराला तुमच्या फोटोची घाई नसते. मेलेलं जनावर दिसलं तर हात न लावता फोटो, किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि वेळ टिपून १९२६वर कळवा. अशा नोंदी एकाच वळणावर जमल्या की गतिरोधक मागता येतो. नुसत्या हळहळीवर कुणी गतिरोधक बांधत नाही.

घाटात माकडांना केळी-वेफर्स देऊ नका. ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि चाकाखाली जातात. उरलेलं अन्न, हाडं, कागदी ताटल्या परत आणा. खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांबरोबर रेबीज आणि डिस्टेंपर रानकुत्र्यांपर्यंत आणि बिबट्यापर्यंत जातात. म्हणून जंगलाकडेच्या गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचं शिबिर घेणं हे मी वाघाच्या कामाइतकंच मोठं काम समजतो. ओळखीचा पशुवैद्य, दोन बर्फाच्या पेट्या आणि गावातली चार पोरं, इतक्यात होतं. त्याच पोरांना पुढच्या वर्षी पुन्हा जमवायचं, कारण लस एकदाच टोचून भागत नाही.

बाजारात काय घेऊ नये: नरक्याची साल-लाकूड तर अजिबात नाही. कर्करोगाच्या औषधासाठी त्याची मागणी आहे म्हणून या पट्ट्यातली झाडं चोरून तोडली गेली. झाडावरून खरवडलेली आमरी (ऑर्किड), "जंगलातला" म्हणून रस्त्यावर विकला जाणारा मध, गावठी कासव, खवले मांजराचं खवलं, काही नाही. गिऱ्हाईक नसलं की चोर नसतो.

आणि गवा गावात आला तर घरात बसा. २०२० साली पुण्यात कोथरूडमध्ये आलेला गवा माणसांच्या पाठलागानं मेला. आपल्याकडं गवे उसाच्या आडोशानं शहराच्या वेशीपर्यंत येतात. वनखात्याला कळवायचं, पोरांना आत घ्यायचं, बघ्यांची गर्दी हटवायला मदत करायची. गवा अंधारात आल्या वाटेनं निघून जातो, त्याला वाट मोकळी मिळाली पाहिजे.

कागदाचं काम

हे कंटाळवाणं वाटतं, पण एका चांगल्या हरकतीनं जे होतं ते शंभर फलकांनी होत नाही. अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा राजपत्रात आला की सामान्य माणसाला हरकत-सूचना द्यायला ६० दिवस मिळतात. जंगलजमीन वळवायचे प्रस्ताव केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर बघता येतात. बॉक्साइटची खाण, रिसॉर्ट, नवा रस्ता, काहीही असो, "जंगल वाचवा" असं लिहून उपयोग नाही. गट क्रमांक लिहा. तिथला झरा कुठं जातो, कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेनं गवे ओलांडतात, तुम्ही कुठल्या तारखेला काय बघितलं, फोटो कुठला, ते लिहा. इतकी वर्षं ठेवलेली साधी वही इथं कामाला येते. राधानगरीचं जंगल उत्तरेला चांदोली-कोयना आणि दक्षिणेला तिलारी यांच्या मधला दुवा आहे. वाघाला खालून वर यायचं तर इथूनच यावं लागतं. गगनबावडा, विशाळगड, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं त्यासाठीच महत्त्वाची. एका खाणीनं तुटतं ते त्या खाणीपुरतं राहत नाही.

गाव जंगलाकडेला असेल तर ग्रामसभेत लोक जैवविविधता नोंदवहीचा विषय काढा. २००२च्या कायद्यानं ती व्हायलाच हवी. आजीला विचारून झरे, देवराया, औषधी झाडं तिच्यात नोंदवून घ्या.

डिसेंबरमध्ये यायचं असेल तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात नाव द्या. येताना विळा, पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आणा. दाताळं मी देईन, पण स्वतःचं करायचं असेल तर माप असं: पाऊण इंची चौकोनी सळई दोन फूट, तिला पाच इंची बारा दात वेल्ड केलेले, टोकं थोडी आत वाकवलेली, म्हणजे पाला धरतात पण मुळं उकरत नाहीत. दांडा बाभळीचा, पाच फूट. निघायच्या आदल्या रात्री बसवलेल्या बाजूनं दांडा बादलीत उभा करून ठेवा. लाकूड फुगून घट्ट बसतं आणि दिवसभर डोकं निसटत नाही.